दोन विमानतळ, एक पाली

मुंबई विमानतळ ते पुण्याचं लोहगाव, सरळ रेषेत अंतर साधारण १२५ किलोमीटर. विमानाला म्हणजे अर्ध्या तासाचं काम. आता नकाशात आमची पाली शोधा. दोन्ही विमानतळांपासून जवळजवळ सारखीच लांब, सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. पण हे झालं कावळ्याचं अंतर! माणसाला एकीकडून खाडी ओलांडावी लागते, दुसरीकडून सह्याद्री उतरावा लागतो. रस्त्याने दोन्हीकडून शंभराच्या वर भरतात.

२२ जानेवारी २०२६, माघी गणेशजयंती. मी दिल्लीहून मुंबईला उतरणार, दादा हैदराबादहून पुण्याला, दोघंही आठच्या सुमारास. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबांना देवळात हात धरून न्यावं लागतं, तेही दुपारी बाराच्या जन्मोत्सवाआधी. आमची पैज लागली, आधी पोचेल त्याने हात धरायचा.

बॅग मिळून कॅबमध्ये बसेपर्यंत पावणेनऊ. वाशीचा पूल, बेलापूर, पनवेल... ऑफिसची गर्दी आणि मी एकाच दिशेने निघालो होतो. कर्नाळ्याचा सुळका दिसला आणि मला उगाचच पोचल्यासारखं वाटलं. पेण, वडखळ, नागोठणे अजून बाकी होतं. (पेणला पोह्याचे पापड घेण्याचा मोह टाळला, याची नोंद घ्यावी.)

दादाचं वेगळंच. एक्स्प्रेसवे आहे म्हणून तो निर्धास्त. पण तो गाठायलाच अख्खं पुणे पार करावं लागतं, बॉस! मग घाटात ट्रकच्या मागे रांगत तो खोपोलीला उतरला, तेव्हा मी वाकण फाट्यावर. "माझेच फक्त नऊ किलोमीटर राहिले," असा मेसेजही टाकला.

ते नऊ किलोमीटर मला अजून आठवतात. एसट्या, टेम्पो, पालख्या, पायी चाललेली माणसं. सरसगड समोर दिसतोय आणि गाडी जागची हलत नाही. शेवटी कॅब सोडली आणि ट्रॉली बॅग ओढत चालत निघाले.

घरी कुलूप. बारा वाजून दहा मिनिटं झालेली. देवळाच्या आवारात शिरले, तर धुंडिविनायकाच्या पायरीपाशी बाबा बसलेले, शेजारचा मुलगा त्यांचा हात धरून. तोच त्यांना स्कूटरवरून घेऊन आला होता. त्यांनी आत जायचं मात्र थांबवलं होतं. "दोघं येताय म्हणालात ना," इतकंच बोलले. आतून घंटेचा आवाज येत होता. चिमाजी अप्पांनी वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर दिली, असं सांगतात तीच घंटा. बाबांना ती आत उभं राहून ऐकायची असते. दादा साडेबाराला घामाघूम होऊन पोचला. पैजेचं नावही कुणी काढलं नाही.

परतीचं तिकीट मी नव्या नवी मुंबई विमानतळावरून काढलं. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं सुटू लागलीत, आणि पालीहून रस्त्याने पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. "दीड-पावणेदोन तास," मी बाबांना ऐटीत सांगितलं.

बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "म्हणजे तीन तास आधी निघ," ते म्हणाले आणि डबा भरायला आईला हाक मारली.