वेलांकनीची वाट : यात्रा की सहल?

बालमित्रांनो, यात्रा आणि सहल यांत फरक काय? असा प्रश्न परीक्षेत आला तर तुम्ही काय लिहाल? यात्रेत हात जोडायचे आणि सहलीत भेळ खायची, असंच ना? पण मी तुम्हाला आज अशा एका प्रवासाला नेणार आहे, की त्याला यात्रा म्हणावं की सहल, हे आमच्या बसमधल्या पंचेचाळीस जणांना आठ दिवसांत ठरवता आलं नाही!

हा प्रवास होता वसईच्या एका धर्मग्रामातल्या ख्रिस्ती मंडळींचा. धर्मग्राम म्हणजे एका चर्चशी जोडलेली वस्ती. आमची आळी शेजारचीच. दोन जागा रिकाम्या राहिल्या तेव्हा शेजारच्या मावशी म्हणाल्या, "बाई, तुम्ही पण चला की. आमची माता काही नाव विचारून आत घेत नाही." दिवाळीची सुट्टी होती. मी पिशवी भरली आणि निघाले.

वसईचे ख्रिस्ती लोक घरी मराठी बोलतात, हे तुमच्यापैकी काहींना नवल वाटेल. कुपारी समाजाची सामवेदी बोली आहे, वाडवळांची वाडवळी आहे. प्रार्थना मराठीत, गाणी मराठीत. धाराशिवला (तेव्हाचं उस्मानाबाद) २०२० साली मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचेच. आमच्या गटात दोन आज्या लाल लुगडं नेसून आल्या होत्या. चेन्नईच्या स्टेशनवर लोक वळून वळून त्यांच्याकडे बघत होते आणि आज्या अगदी ऐटीत चालत होत्या!

डोंगरावरची साखळी

मुंबईहून रेल्वेने जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र प्रवास केला की चेन्नई येतं. आपल्याकडचा पाऊस तेव्हा केव्हाच परतलेला असतो, पण तिकडे ऑक्टोबरपासूनच खरा पाऊस सुरू होतो. भूगोलात ईशान्य मोसमी वारे शिकलात ना? तेच ते. आम्ही उतरलो तेच छत्र्या उघडून!

पहिलं ठिकाण सान्थोम. येशूच्या बारा शिष्यांपैकी एक संत थॉमस. ते इसवी सन ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरले आणि ७२ मध्ये चेन्नईजवळच्या टेकडीवर त्यांना मारण्यात आलं, अशी इथली परंपरा सांगते. त्यांची समाधी सान्थोमच्या चर्चमध्ये आहे. आजचं उंच शिखराचं पांढरं चर्च मात्र १८९६ सालचं. समाधीची खोली लहान आणि शांत आहे. तिथे आमच्यातली सगळ्यांत बडबडी पोरंसुद्धा गप्प बसली.

मग सेंट थॉमस माउंट. जवळजवळ ३०० फूट उंचीची टेकडी आणि वर पोर्तुगीजांनी बांधलेलं लहानसं चर्च. वर जायला गाडीरस्ता आहे आणि पायऱ्याही आहेत. आमच्याबरोबर सातवीतला एक मुलगा होता. त्याचा एक पाय जन्मापासून अधू, त्यामुळे पायात कॅलिपर. आई म्हणाली, "आपण गाडीनं जाऊ." तो म्हणाला, "नाही. मी चढणार." आणि चढला! दर दहा पायऱ्यांवर थांबायचा, आणि थांबल्यावर आम्हालाच विचारायचा, "दमलात का?"

या टेकडीची आणखी एक गंमत आहे. विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ साली हिच्या पायथ्याजवळून पोलादी साखळीने जमीन मोजायला सुरुवात केली. पहिली रेघ सुमारे १२ किलोमीटरची. त्या रेघेवर त्रिकोण रचत रचत भारताची मोजणी पुढे सरकली, आणि त्याच कामातून पुढे एव्हरेस्ट हे जगातलं सर्वांत उंच शिखर ठरलं. लॅम्बटन मोजता मोजता म्हातारा झाला आणि १८२३ साली वारला, कुठे ठाऊक आहे? आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला! त्याची कबर तिथेच आहे. विदर्भातल्या मित्रांनो, जाऊन बघा बरं का.

तपस्वी मांजर

दुसऱ्या दिवशी समुद्राकाठाने महाबलीपुरम. पल्लव राजांनी तेराशे वर्षांपूर्वी इथे दगडाचं काव्य केलं. एका प्रचंड कातळावर देव, ऋषी, हत्ती, हरणं कोरलेली आहेत. त्यात एक मांजर आहे. मागच्या दोन पायांवर उभं राहून, पुढचे पाय वर करून ते तप करतंय, आणि पायाशी उंदीर भाबडेपणाने जमलेत! फादर हसून म्हणाले, "बघा, देवाचं नाव घेणारा प्रत्येक जण साधू नसतो." सकाळी बसमध्ये जपमाळ म्हणताना डोळे मिटून बिस्किट खाणाऱ्या एका काकांकडे सगळ्यांनी पाहिलं. काकाही हसले.

आरोग्यमातेच्या दारी

पुदुच्चेरीला धावती भेट देऊन रात्री आम्ही वेलांकनीला पोचलो. नागपट्टणमच्या दक्षिणेला सुमारे १२ किलोमीटरवर, अगदी बंगालच्या उपसागराच्या काठावर हे गाव आहे. पांढरंशुभ्र चर्च, टोकदार मनोरे, आणि आत साडी नेसलेली आरोग्यमाता! होय, मारियामातेच्या या मूर्तीला साडी नेसवतात. लाल लुगड्यातल्या आजी म्हणाल्या, "आपल्यातलीच दिसते गो!"

इथे तीन कथा सांगतात. पहिली दूध नेणाऱ्या गुराखी मुलाची. तळ्याकाठी एका बाईने बाळासाठी त्याच्याकडे दूध मागितलं, त्याने दिलं, आणि मालकाकडे गेल्यावर बघतो तो भांडं भरून वाहतंय! दुसरी कथा ताक विकणाऱ्या पांगळ्या मुलाची. त्याने मातेला ताक दिलं आणि तो धावू लागला. तिसरी पोर्तुगीज खलाशांची. वादळात त्यांचं जहाज सापडलं, त्यांनी मातेचा धावा केला आणि ते सुखरूप या किनाऱ्याला लागले. तो दिवस ८ सप्टेंबर, मारियामातेचा जन्मदिवस. म्हणून दर वर्षी २९ ऑगस्टला इथे ध्वज चढतो आणि ८ सप्टेंबरला मोठा सण होतो. वांद्र्याची माउंट मेरीची जत्राही त्याच सुमाराला भरते. वेलांकनीच्या चर्चला पोपसाहेबांनी १९६२ साली 'बॅसिलिका' हा मान दिला.

सणाला येणाऱ्यांत फक्त ख्रिस्तीच असतात असं समजू नका. भगवी वस्त्रं घालून लोक कित्येक दिवस पायी चालत येतात. कुणी डोक्याचे केस देतात, कुणी नारळाचं रोप आणतात. देवळापासून जुन्या तळ्याकडे वाळूची एक वाट जाते. त्या वाटेवर नवस केलेली माणसं गुडघे टेकत टेकत चालतात. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळे. वाळूवरून ओळखू येत नाही, कुणाचा गुडघा कुठला!

पांगळ्या मुलाची कथा फादरांनी सांगितली तेव्हा आमचा कॅलिपरवाला दोस्त माझ्या शेजारीच होता. त्याने हळूच विचारलं, "बाई, तो मुलगा धावला, हे खरं असेल?"

मुलांनो, अशा वेळी काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, "इथले लोक चारशे वर्षं ते मनापासून मानतात, एवढं खरं. तुला काय वाटतं?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "धावला असेल. पण त्याच्या आधी तो पांगळ्या पायानंच रोज ताक विकायला जात होता ना? ते कुणी सांगतच नाही."

मिस्सा संपल्यावर त्याची आई बाहेर पायरीवर बसली होती. मला म्हणाली, "बाई, मागच्या खेपेला मी मातेकडे याचे पाय मागितले. यंदा नाही मागितले. आठवीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. तेवढा खाली येऊ दे, एवढंच मागितलं."

मी शिक्षिका आहे. हे मागणं मातेपर्यंत पोचायच्या आधी आम्हा शाळेवाल्यांपर्यंत पोचायला हवं होतं, असं मला वाटलं. त्या रात्री धर्मशाळेत बसून आम्ही मुख्याध्यापकांना अर्ज लिहिला. लिहिला म्हणजे त्यानेच लिहिला, मी फक्त शुद्धलेखन तपासलं.

समुद्र आत आला तो दिवस

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. लाटा पायाला लागत होत्या, पोरं किंचाळत होती. मग फादर आम्हाला एका स्मारकापाशी घेऊन गेले. २६ डिसेंबर २००४, नाताळच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार. वेलांकनीत यात्रेकरूंची गर्दी होती. सकाळी सुमात्रा बेटाजवळ समुद्राच्या तळाशी प्रचंड भूकंप झाला आणि सुमारे अडीच तासांत त्सुनामीच्या लाटा इथे येऊन आदळल्या. एकट्या नागपट्टणम जिल्ह्यात ६,००० हून अधिक माणसं गेली. प्रार्थनेला आलेलेही गेले, मासे विकणारेही गेले.

"मातेनं त्यांना का नाही वाचवलं?" एका मुलीने विचारलं. फादर लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा प्रश्न मलाही पडतो, बाळ. मी त्यांच्यासाठी प्रार्थना करतो, आणि प्रश्न तसाच जवळ ठेवतो." मला हे उत्तर आवडलं. आणि एक गोष्ट मी मुलांना सांगितली. त्या वेळी आपल्याकडे त्सुनामीची सूचना देणारी यंत्रणा नव्हती. २००७ पासून हैदराबादला असं केंद्र सुरू आहे. रात्रंदिवस तिथे माणसं समुद्रावर लक्ष ठेवून असतात.

मराठी राजाचा मनोरा

परतीच्या वाटेवर आधी नागोर. तिथे शाहूल हमीद या सूफी संताचा दर्गा आहे. पाच मनोरे. त्यांतला सर्वांत उंच १३१ फुटांचा मनोरा कुणी बांधला असेल? तंजावरच्या प्रतापसिंह भोसले या मराठी राजाने! आमच्या गटात एकदम कुजबुज झाली. "आपले मराठे? इथे?"

होय. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी तंजावरला राज्य स्थापलं आणि ते १८५५ पर्यंत टिकलं. त्याच तंजावरला आम्ही दुपारी पोचलो. राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलेलं बृहदीश्वराचं देऊळ २०० फुटांहून उंच आहे. मान दुखेपर्यंत वर बघत राहावं!

पण बसमधून उतरण्याआधी थोडा वाद झाला. एक काका म्हणाले, "आपली यात्रा मातेची. शंकराच्या देवळात आपलं काय काम?" मावशी म्हणाल्या, "आणि बाई आल्याच ना आपल्या चर्चमध्ये? हात जोडून बसल्या होत्या." काका विचारात पडले. "पूजा ज्याची त्याची," फादर म्हणाले, "पण चप्पल काढायला कुणाची हरकत नसावी." काकांनी सगळ्यांत आधी चप्पल काढली.

आणि आवारात काय सापडलं सांगू? भिंतीवर देवनागरी अक्षरं! भोसले घराण्याचा इतिहास दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली इथे मराठीत कोरून घेतला आहे. जगातल्या मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. तमिळ मुलखात, हजार वर्षांच्या चोळ देवळात, आपली मराठी! काका बोट ठेवून एकेक शब्द लावत बसले. बस निघायची वेळ झाली तरी उठेनात!

हे सरफोजी राजे मोठे ज्ञानवेडे. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढवलं. तिथे आजही मोडीतले कागद जपून ठेवले आहेत. त्यांच्या छापखान्यात १८०६ साली 'बालबोध मुक्तावली' हे इसापनीतीचं मराठी पुस्तक छापलं गेलं. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील पुस्तकांपैकी एक, आणि ते मुलांसाठी! राजांचे गुरू होते श्वार्त्झ नावाचे जर्मन मिशनरी. देवळाशेजारीच एक जुनं चर्च आहे, तिथे संगमरवरात कोरलेला एक देखावा आहे. गुरू मृत्युशय्येवर आहेत आणि हिंदू राजा त्यांचा हात धरून उभा आहे. राजांनीच तो इंग्लंडमधल्या शिल्पकाराकडून करवून घेतला. श्वार्त्झ प्रॉटेस्टंट, आमची मंडळी कॅथलिक. पण त्या देखाव्यापुढे सगळे सारखेच उभे राहिले.

आता तुमचं काम

मित्रांनो, तुम्हीही दुसऱ्यांच्या पवित्र जागी कधी ना कधी जाल. तेव्हा आधी विचारा, "इथे काय करायचं आणि काय नाही?" फोटो काढायचा तर परवानगी घ्या. कुणी प्रार्थना करत असेल तर समोरून जाऊ नका. प्रसाद दिला आणि घ्यायचा नसेल तर नम्रपणे नाही म्हणा, तोंड वाकडं करू नका. आणि गावाला निघण्याआधी त्या गावाचा इतिहास थोडा वाचून जा. नाहीतर मराठीतला शिलालेख समोर असून चालून जाल पुढे!

त्या अर्जाचं काय झालं, हे विचाराल ना? सुट्टीनंतर तो स्वतः मुख्याध्यापकांकडे गेला. आठवीचा वर्ग तळमजल्यावर घ्यायचं ठरलंय. उतार बांधायचा अजून बाकी आहे. दिव्यांग मुलांना शाळेत सहज येता-जाता यावं, असं २०१६ चा कायदाही सांगतो, हे त्याने पुढच्या अर्जात लिहिलं आहे.

तुमच्या शाळेच्या दारात किती पायऱ्या आहेत? शेजारी उतार आहे का? उद्या शाळेत गेलात की मोजून बघा. उतार नसेल तर वर्गातल्या सगळ्यांनी मिळून एक अर्ज लिहा, आणि काय झालं ते आम्हाला पत्राने जरूर कळवा.