पहिली पसंती

दहावीच्या निकालाच्या दिवशी नव्वदच्या पुढच्या मुलांना शाळेत पेढे मिळतात, नापास झालेल्यांना पुरवणी परीक्षेचा अर्ज. पंचावन्न ते पासष्टमधली मुलं गुणपत्रिकेची घडी घालून गुपचूप घरी जातात. येरवड्यातल्या आमच्या शाळेत ब तुकडी म्हणजे बहुतेक हीच मुलं, आणि मी त्यांची वर्गशिक्षिका.

२०१९ साली वर्गातल्या एका मुलीला ६१ टक्के पडले. तिला कॉमर्स करायचं होतं. अकरावीच्या ऑनलाइन अर्जाचा भाग दोन, म्हणजे कॉलेजांचा पसंतिक्रम, तिने सायबर कॅफेत भरला आणि प्रिंट मला दाखवायला आणली. नावं ओळखीची दिसली, मी वरवर नजर टाकून "छान" म्हटलं. पहिल्याच फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं. प्रवेश घ्यायला मायलेकी गेल्या तेव्हा कळलं, तो कोड स्वयंअर्थसहाय्यित तुकडीचा होता. त्याच इमारतीतल्या अनुदानित तुकडीचा कोड वेगळा, फीही कितीतरी कमी. स्वयंअर्थसहाय्यित तुकडीची फी आईच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी होती. पहिली पसंती लागली की प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. तिला जागा मिळाली ती थेट विशेष फेरीत, वर्ग सुरू होऊन महिना उलटल्यावर. तिच्या आईने मला एका शब्दानेही विचारलं नाही. मी त्या कागदावर आणखी दोन मिनिटं दिली असती, तर हे टळलं असतं.

तेव्हापासून निकाल लागला की मी शाळेच्या संगणक खोलीत ठाण मांडून बसते. एकेका मुलाला शेजारी बसवून मागच्या वर्षीचा त्याच्या प्रवर्गाचा कटऑफ, तुकडी अनुदानित आहे का, घरापासून बस किती, सगळं वहीत लिहून घेते. जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर यांच्यासाठी मात्र दिवाळीपासूनच पालकांच्या मागे लागते. जूनमध्ये सेतू केंद्रासमोरची रांग बघवत नाही.

गेल्या वर्षी ५७ टक्क्यांचा एक मुलगा आला. आईला सायन्स हवं होतं, तो खाली मान घालून बसलेला. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर. प्लास्टिकची मूठ वितळून वाकडी झालेली, तिच्यावर काळी पट्टी गुंडाळलेली. "हा कशाला रे?" विचारलं, तर म्हणाला, "चाळीत कुणाचा पंखा बंद पडला की मला बोलावतात." मग पहिल्यांदाच त्याने मान वर केली आणि कपॅसिटर कसा ओळखायचा ते मला समजावून सांगू लागला. आई ऐकत होती. मी आयटीआयचं नाव काढलं.

"पण मॅडम, आयटीआय म्हणजे नापासांचं असतं ना?"

"नाही हो ताई. सरकारी आयटीआयत वीजतंत्रीला जागा मिळवायची तर भरपूर गुण लागतात. आणि दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो."

हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. सत्तावन्न टक्केवाल्याला बोलावून कोण सांगणार? मला याचा फार राग येतो. त्याच्या हातातली कला सगळ्या चाळीला माहीत होती. शाळेत दहा वर्षं काढली, आम्हाला पत्ता नाही.

औंधच्या सरकारी आयटीआयतला वीजतंत्री पहिल्या पसंतीला टाकला. तिथे गुण कमी पडतील हे त्याला स्पष्ट सांगितलं. पण वरची पसंती हुकली म्हणून खालची जात नाही. खाली तारतंत्री घातला, त्याखाली फ्रीज-एसीचा ट्रेड. अर्ज लॉक करण्याआधी मी प्रत्येक कोड मोठ्याने वाचला, मग त्याने वाचला. शेवटी आईने पडद्यावर बोट ठेवून एकेक आकडा वाचला, तोवर तो माउसवरचा हात न हलवता थांबला होता.