जुनी गाडी, दोन राज्ये

भाच्याला चोर्ला घाटातून गोव्याला ये-जा करायला जुनी 'हिमालयन' घ्यायची आहे. २०१६ साली आलेली ४११ सीसीची ही गाडी आता जुन्यात मिळते. मी त्याला म्हटले, चालू करण्याआधी इंजिनला हात लाव. गरम लागले तर थंड होऊ दे, थंड इंजिनच खरे बोलते. फोर्कच्या सीलमधून तेल गळते का, हँडल वळवताना मध्येच अडकते का, चाकाच्या तारा सैल आहेत का, बघ. चेसिस नंबर आरसीशी ताडून घे. गाडी एमएच-०९ असेल तर एनओसी हवी, शिवाय कर्नाटकचा रोड टॅक्स भरावा लागेल. तोही किमतीत धर. आपल्या घरांत मराठी-कन्नड एका ताटात जेवतात, गाडीला मात्र कागद लागतो. रंग उडालेला चालेल; ब्रेक, टायर नकोत उडालेले. अक्का रात्री जागी असते.