सोलापुरातील एक कचेरी

सोलापूर हे गाव केवळ पाहावयाचे म्हणून फारसे कोणी जात नाही. लोक जातात ते सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेस, चादरी घ्यावयास, नाही तर पंढरपूर-अक्कलकोटच्या वाटेवर. आम्ही मात्र गेल्या माघात पुण्याहून मुद्दाम एक कचेरी पाहावयास तेथे गेलो, हे ऐकून वाचकांस हसू येईल. परंतु कारणच तसे घडले.

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल विणण्याचा कारखाना चालवितात. माल परदेशी जातो, सर्व पत्रव्यवहार संगणकावर चालतो. तेव्हा कचेरीही त्यास साजेशी असावी असे त्यांच्या मनाने घेतले. एका सजावटकारांकडून नकाशे तयार झाले. "काका, सगळी मांडणी निसर्गाच्या कल्पनेवर आहे. काम सुरू करण्यापूर्वी तुम्ही एकदा पाहून जा," असा निरोप आला.

नकाशे पाहिले. एका भिंतीवर वरपासून खालपर्यंत प्लॅस्टिकच्या वेली, जमिनीवर हिरवळीसारखा गालिचा, छतास ढगांच्या आकाराचे दिवे, आणि बैठकीच्या खोलीत झऱ्याचा आवाज काढणारे एक यंत्र. वातानुकूलनासाठी खिडक्या बुजविल्या होत्या. अंगणातला कडुनिंब मात्र चार मोटारी उभ्या राहाव्यात म्हणून लाल रेघेने खोडलेला होता. हा निंब आमच्या बंधूंनी कारखान्याच्या पहिल्या वर्षी लावलेला. बंधू आता नाहीत. आम्ही नकाशाची गुंडाळी करून ठेवली व त्या रात्री काही बोललो नाही. पुतण्यांस धडे देण्याची आमची सवय सुटली आहे, असा आमचा समज होता.

दुसरे दिवशी सकाळी त्यांस म्हटले, "आम्हांस इंद्रभुवन दाखवा." मल्लप्पा उर्फ अप्पासाहेब वारद या धनिकांनी गेल्या शतकाच्या आरंभी बांधविलेला हा प्रासाद पुढे नगराच्या कारभाराकडे आला. १९६४ साली सोलापुरास महानगरपालिका झाली आणि तिची कचेरी म्हणून ही वास्तू गावास परिचित झाली. अलीकडे तिचा जीर्णोद्धारही झाला आहे. जन्ममृत्यूचे दाखले आणि घरपट्टीच्या पावत्या ज्या वास्तूच्या नावाशी जोडल्या गेल्या, तिच्या दर्शनी भागावर चुन्यात घडविलेली फुले, वेली आणि मूर्ती यांची गर्दी आहे. आमच्या जुन्या ग्रंथांतून ज्यास पत्रलता म्हणतात तो अलंकार येथे हात राखून केलेला नाही. किंबहुना थोडा अधिकच झाला आहे, असे आमचे मत.

पुतण्यांनी वर पाहिले आणि विचारले, "काका, ही पाने तरी खरी कुठे आहेत? चुन्याचे पान आणि प्लॅस्टिकचे पान, यांत फरक तो काय?"

प्रश्न बिनतोड होता. वर्गात असा प्रश्न आला की आम्ही फळा पुसावयास लागत असू. येथे फळा नव्हता. आम्ही इमारतीसभोवती दोन वेळा फिरलो. मग ध्यानात आले की चुन्याच्या या वेलीवर झाडाचे काम कोणी सोपविलेलेच नव्हते. ती शोभेपुरती होती. गारव्याचा भार जाड भिंती, उंच दालने आणि सज्जांची सावली यांजवर होता. सोलापूर पर्जन्यछायेतले गाव. वैशाखात पारा चाळिशी सहज ओलांडतो. गरिबाने येथे पांढऱ्या मातीचे जाड माळवद घालून आणि उजेडापुरता झरोका ठेवून जे साधले, तेच श्रीमंताने मोठ्या प्रमाणावर केले.

परत येताना पुतण्यांस आणखी एक हकीकत सांगितली. रॉजर उल्रिख या अमेरिकन संशोधकाने १९८४ साली एक लेख प्रसिद्ध केला. पेनसिल्वेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्याने ताडून पाहिल्या होत्या. २३ जणांच्या खिडकीतून झाडे दिसत, तर उरलेल्या २३ जणांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडे पाहणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि तीव्र वेदनाशामकेही त्यांस कमी लागली. तेथे वेलींचा गालिचा नव्हता; फक्त खिडकी होती, आणि तिच्यापलीकडे झाड.

निंबाविषयी एक गंमतही सांगितली. अमरकोशात निंबाच्या नावांत 'सर्वतोभद्र' असे एक नाव आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेत चारी दिशांस दारे व सभोवार अखंड ओसरी असलेल्या वास्तूसही तेच नाव दिले आहे. शब्द जुळले म्हणून वास्तुशास्त्र सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु पुतण्यांनी गाडी हळू केली व म्हणाले, "बाबांना हे ठाऊक होते का?" आम्ही म्हणालो, "नाही. त्यांनी सावलीसाठी लावला."

पुढे महिनाभर काही कळले नाही. मग फोन आला. वातानुकूलन राहिले, सोलापुरात त्यास नको म्हणणे आम्हांसही धारिष्ट्याचे वाटले असते. झऱ्याचे यंत्र आधीच विकत घेतलेले, म्हणून तेही बसले. ते बंद ठेवतात असे ऐकतो. वेलींची भिंत रद्द होऊन तेथे मोठी खिडकी निघाली आणि तिच्याशी सूनबाईंचे हिशेबाचे मेज आले. मोटारी कुंपणाबाहेर उन्हात उभ्या राहतात, यावरून व्यवस्थापक अद्याप कुरकुरतात. पानगळीने गटार तुंबते, ही त्यांची तक्रार तर रास्तच आहे.

पाडव्याच्या आदल्या दिवशी टॉवेलांचे एक खोके घरी आले. उघडले तो वरच वर्तमानपत्रात गुंडाळलेला कडुनिंबाचा कोवळा मोहोर होता. प्रवासात थोडा कोमेजला होता, पण घरच्या बारा माणसांस पुरला.