शेगडीचं वारं

मटणाचा महिना आणि ओल्या कोळशाचा महिना आमच्या शिरोळात एकच. आषाढ. श्रावण लागायच्या आत जत्रा उरकायच्या, लेकी-जावयांना बोलवायचं, पै-पाहुणा जेवू घालायचा. आणि नेमक्या त्याच दिवसांत कृष्णा-पंचगंगा भरून वाहत असतात, नरसोबाच्या वाडीला पाणी देवळाच्या पायऱ्या चढत असतं आणि पडवीतल्या पोत्यात हात घातला तर कोळसा गार लागतो. उन्हाळ्यात शेगडी कुणालाही पेटवता येते. माझी तिच्याशी खरी ओळख या दमट दिवसांत झाली, आणि साठी ओलांडली तरी ती ओळख वाढतेच आहे.

आजीची शेगडी म्हणजे पत्र्याची बादली. आतून मातीचा जाड लेप, मधे लोखंडी जाळी, जाळीखाली राखेला जागा आणि तिथंच पुढे चौकोनी तोंड. घरात चूल होतीच, पण मुंडी-पाये भाजायचे ते परसात, शेगडीवर. हल्ली ते बहुतेक ठिकाणी भाजूनच मिळतात. तेव्हा आजी पाय चिमट्यात धरून निखाऱ्यावर फिरवायची, जळके केस सुरीनं खरवडायची, पुन्हा फिरवायची. तो उग्र वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. आईनं कधी घाईनं ज्वाळेवर पाय धरला, तर आजी म्हणायची, "जाळावर न्हवं, आरावर धर. जाळानं कातडं काळं हुतंय आन केस मुळात तसंच ऱ्हात्यात." धूर निघत असेल तर ती काम थांबवून बसायची. धुरकट जाळावर भाजलेल्या पायांचा रस्सा कडू लागतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

निम्मं काम झालं की शेगडी हमखास मंदावायची. आईचा हात कोळशाच्या पाटीकडे जायचा. आजी तो अडवायची आणि लोखंडी सळी खालच्या तोंडातून घालून जाळी खडखडून काढायची. राख भसाभस खाली पडायची आणि काळवंडलेले निखारे बघता बघता लाल व्हायचे. "पोट साफ न्हाई, आन घास कशाला भरवतीस?" असं ती म्हणायची. पुढे मी शाळेत विज्ञान शिकवलं, ज्वलनाचा धडा कितीदा तरी घेतला, पण विझत्या विस्तवाचं याहून नेमकं निदान मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

कोळशाला ज्वाळा फारशी नसते, कारण ज्वाळा ज्यानं होते ते त्यातून आधीच गेलेलं असतं. लाकूड हवा कोंडून तापवलं की त्यातलं पाणी, डांबर, जळणारे वायू निघून जातात आणि मागे मुख्यतः कार्बन उरतो. पारंपरिक भट्टीत चार-पाच किलो वाळल्या लाकडातून जेमतेम किलोभर कोळसा मिळतो. हे काम आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणावर कातकरी कुटुंबांनी केलं आहे. रायगडकडची माणसं उचल घेऊन पोराबाळांसह परजिल्ह्यांतल्या, पार कर्नाटकातल्या भट्ट्यांवर जायची. ती उचल फिटता फिटायची नाही आणि माणूस तिथंच अडकून पडायचा. या माणसांचं कसब मला फार मोठं वाटतं. मातीनं लिंपलेल्या ढिगात आत काय चाललंय ते दिसत नाही. फक्त भोकांतून येणारा धूर बघून ओळखायचं. आधी पांढरा दाट धूर, म्हणजे पाणी जातंय. मग तो निळसर होतो, विरळ होतो. तो जवळजवळ दिसेनासा झाला की भोकं बुजवायची. उशीर झाला तर आत कोळशाऐवजी राख. बाभळीचा वजनदार कोळसा आपण पोत्यानं आणतो, तेव्हा त्या प्रत्येक तुकड्यामागे कुणाच्या तरी जागलेल्या रात्री असतात.

धूर वाचणारी दुसरी माणसं मी लहानपणी गुऱ्हाळावर पाहिली. वडिलांबरोबर हंगामात रात्री तिथं जायचे. सगळ्यांचं लक्ष काहिलीकडे आणि गुळव्याकडे, मला मात्र खाली चुलवाणात चिपाड घालणारा गडी आवडायचा. तो काहिलीकडे बघतच नसे. त्याची नजर धुरांड्याच्या टोकावर. धूर काळा झाला की हात आवरायचा: चिपाड जास्त पडलं, वारं कमी पडलं. पुन्हा धूर फिका झाला की मूठ मूठ सुरू. वरचा रस उतू जाणार की नाही, हे खाली त्या माणसाच्या हातावर ठरायचं.

शेगडी पुन्हा माझ्या आयुष्यात आली ती बाळंतपणात. बाजेखाली शेक, त्यावर ओवा, बाळंतशेपा, वेखंड यांची धुरी. घरातल्या म्हाताऱ्या बायकांचा आग्रह, दारं-खिडक्या गच्च लावा, बाळंतिणीला वारं लागेल. आई एरवी कुणाला उलटून बोलायची नाही. त्या वेळी मात्र तिनं खिडकी वीतभर उघडी ठेवली, ती कुणाला लावू दिली नाही. शेगडी ती अंगणातच पुरती फुलवून आणायची आणि शेक झाला की लगेच बाहेर न्यायची. रात्रभर खोलीत कधीही नाही. तिला कारण सांगता आलं नसतं. तिच्या माहेरी कुणाची तरी सकाळ झालीच नव्हती, एवढंच ती म्हणे.

कारण असं. वारं पुरेसं मिळालं तर कोळशाचा कार्बन डायऑक्साइड होतो. कमी पडलं की कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त ओढीनं चिकटतो, आणि माणूस गुंगीतच जातो. धूर नाही म्हणून धोका नाही, ही समजूत जीवघेणी आहे. लालभडक, बिनधुराची शेगडीच बंद खोलीत माणसं मारते; दर हिवाळ्यात अशी बातमी येते आणि दर वेळी माझ्या पोटात कालवतं. हाच वायू जळतोही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा आपल्याकडच्या मोटारी मागे कोळशाची उंच टाकी लावून याच वायूवर चालवल्या गेल्या. त्या टाकीत मुद्दाम कमी वारं सोडायचे.

आणि आता ड्रम. भाचा ह्यूस्टनला असतो. त्याच्या परसात मी पहिल्यांदा मांस तासन् तास धुरावर शिजवायचं यंत्र बघितलं, त्याच्या शेजारी बसून राहिले आणि ठरवलं की हे आपल्या बोकडाच्या मांडीवर करून बघायचं. जयसिंगपूरच्या एका वेल्डिंगवाल्याकडून खाद्यतेलाचा लहान ड्रम करून घेतला. तळाशी सरकत्या पत्र्याची दोन भोकं, वर झाकणात एक, आत जाळीची टोपली आणि तिला विटेएवढे उंच पाय. ते पाय मी भांडून लावून घेतले. जाळी तळाला टेकली असती तर पहिल्या दोन तासांतच राखेनं भोकं बुजली असती. त्याला ते पटेना, मग त्याला आजीच्या बादलीची रचना जमिनीवर काढून दाखवली. भोकांचा हा धडा तिकडंही असाच शिकावा लागला. शिकागोजवळ 1952 साली जॉर्ज स्टीफननं बोयांसाठी बनणारे धातूचे गोल कापून त्यांची झाकणाची शेगडी केली, तीच पुढे वेबर म्हणून जगभर गेली. पहिल्या भांड्यात विस्तव गुदमरला आणि मग झाकणाला भोकं पाडावी लागली, अशी तिची गोष्ट सांगतात. बुजुर्ग शेगड्यांच्या गावात स्टीफनला ती भोकं पहिल्याच दिवशी मिळाली असती.

ड्रमचं आतलं तापमान एकशे दहा ते एकशे वीस अंशांवर चार-पाच तास ठेवायचं, एवढंच काम. आणि तेवढंच अवघड. माझ्याकडून ड्रम बघून गेलेल्या भाच्या-पुतण्यांचे फोन येतात, तेही ठरावीक तक्रारींचे. तापमापकाचा काटा चढत नाही, म्हणतात. मी विचारते, कोळसा वाजवून बघितलास का? दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर वाळला कोळसा खणकन् वाजतो, ओला बद्द. 2019च्या ऑगस्टात तालुकाभर पाणी शिरलं, तेव्हा माझी पोती भिजली. आठवडाभर उन्हात पसरून तुकडे वरून खडखडीत झाले, पण फोडले की आत ओल. कोळशाच्या बारीक छिद्रांतलं पाणी उडेपर्यंत त्याचं तापमान शंभराच्या पुढे जात नाही, आणि पेटायला त्याला तीनशेच्याही पुढे जावं लागतं. तोवर तो तडतडतो, पांढरी वाफ सोडतो आणि शेजारचा निखाराही थंड करतो. ओला कोळसा पेटल्या ढिगावर टाकायचा नाही, बाजूला शेकून घ्यायचा. पोत्याच्या तळचा चुरा तर टोपलीत घालूच नये. तो फटी बुजवतो.

काटा फार चढला, ही उलटी तक्रार. इथं बहुतेक जण झाकण उघडतात, आणि तिथंच फसतात. झाकण उघडलं की आत वाऱ्याचा लोंढा जातो आणि पाच मिनिटांत निखारे दुप्पट फुलतात. शंभरी गाठताच खालची भोकं अर्धी लावावीत. भडकलेला ड्रम निवायला तास घेतो. सुरुवातीला सगळा कोळसा पेटवायचाच नाही. टोपली काळ्या कोळशानं भरून वर ओंजळभर फुललेले निखारे ठेवले, की विस्तव आपल्या चालीनं खाली उतरतो. नदीकडून वारा असेल तर खालचं भोक त्याच्याकडे तोंड करून ठेवू नये, हे शिरोळात विसरून चालत नाही.

धुराची तक्रार मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण तिथं चव जाते. पेरूच्या किंवा आंब्याच्या वाळल्या फांदीचे दोन-तीन तुकडे धुराला पुरतात. कडुनिंब नको, चिकाचं झाड नको, दगडी कोळसा तर मुळीच नको; त्यात गंधक असतं. दाट पांढरा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डांबर, ते मांसावर कडू पुटासारखं बसतं. हवा तो विरळ निळसर धूर, जवळजवळ न दिसणारा. लाकडातलं लिग्निन नीट तापलं की त्याचा सुगंध या धुरात उतरतो. म्हणून झाकणातलं भोक कायम उघडं. तापमान आवरायचं ते खालून. वरून कोंडलं की शिळा धूर आतच घुटमळतो.

एक तक्रार मात्र विस्तवाची नसतेच. मांसात टोचलेला काटा सत्तरच्या आसपास येतो आणि तासभर हलत नाही. लोक घाबरून कोळसा ओततात. त्या वेळी मांसातलं पाणी वर येऊन उडत असतं आणि उडताना उष्णता घेऊन जात असतं. बोकडाच्या मांडीला चरबी कमी, म्हणून मी अशा वेळी ती केळीच्या पानात घट्ट गुंडाळते आणि खाली पाण्याचं भांडं ठेवते. पाणी उडणं थांबतं, काटा पुढे सरकतो, आणि गळणारी चरबी निखाऱ्यावर पडून भडकाही उडत नाही. नव्वदी ओलांडली की हाड हातानं सुटतं. पाऊस कितीही येवो, ड्रम पडवीत घ्यायचा नाही. चारी बाजू उघड्या असलेल्या पत्र्याखालीच.

मटण उतरवल्यावर खालची-वरची सगळी भोकं लावते. दुसऱ्या दिवशी, पुरतं गार झाल्यावरच, उरलेला कोळसा चाळून झाकणाच्या डब्यात भरते; एकदा पेटून विझलेला तुकडा नव्याहून लवकर धरतो. राख मात्र रानात टाकत नाही. शिरोळ तालुक्यातल्या कितीतरी जमिनी आधीच क्षारपड झाल्यात, आणि लाकडाची राख म्हणजे क्षारच. ती भांडी घासायला जाते.