मिलिटरीच्या गाडीत वारीचे बिऱ्हाड

आमच्या मुलुंडातून लाल बहादूर शास्त्री मार्ग जातो. जुनी माणसे त्याला अजून आग्रा रोडच म्हणतात. कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप करीत तो इथवर येतो, आणि मोडीत निघालेल्या गाडीचा कोणता ना कोणता भाग या वाटेवर मिळतोच. म्हणूनच गावाकडून धाकट्या भावाने मला फोन केला. "दादा, लष्कराच्या लिलावातली शक्तिमान मिळण्यासारखी आहे. तिच्यावर राहती खोली बांधू. आई आणि दिंडीतल्या म्हाताऱ्या बाया रात्री कोरड्यात निजतील. तू तिकडे जाणकारांना विचार."

आई पंचाहत्तरीची आहे. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर ती अजून पायी जाते. चालण्याचे तिला काही नाही. रात्र जड जाते. तळावर पाऊस आला की काळ्या रानात राहुटीखाली पाणी शिरते आणि सकाळी ओल्या घोंगडीवरून उठताना गुडघे उघडत नाहीत. आता वारी पुरे कर, असे तिला म्हणायची आमच्यात कोणाची छाती नाही. तेव्हा भावाचे बोलणे मी हसण्यावारी नेले नाही.

शक्तिमान तुम्ही पाहिली असेल. जर्मनीच्या मान कंपनीशी करार करून जबलपूरला १९५९ पासून ही गाडी बनू लागली. चारही चाकांना जोर, त्यामुळे चिखलातून निघण्यात ती पटाईत. दिंडीची ट्रक रुतली की ट्रॅक्टर शोधत फिरावे लागते, हे ज्याने सोसले त्याला या गाडीचा मोह पडणारच. पण १९९६ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. म्हणजे अगदी शेवटची गाडीसुद्धा आज तिशीला टेकलेली. सुटे भाग भंगारातूनच शोधायचे.

अंधेरी-गोरेगावकडे सिनेमावाल्यांसाठी व्हॅनिटी गाड्या बांधतात. चाकांवरचे घरच ते. आत पलंग, मोरी, संडास सगळे. तिथल्या एका कारागिराला मी गाठले. तो म्हणाला, "मिलिटरीच्या गाडीची चासी खड्ड्यात पिळवटते, पिळवटायलाच केलेली असते. वर खोली चार कोपऱ्यांत घट्ट आवळलीत तर पहिल्याच ओढ्यात सांधे उकलतील. खाली लाकूड घाला, काही बोल्टांना स्प्रिंग द्या." पाण्याचेही त्याने बजावले. पाचशे लिटर पाणी म्हणजे पाचशे किलो वजन. टाकी खाली आणि दोन चाकांच्या मधोमध हवी, मागे टांगली की पुढची चाके हलकी होतात. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून वर खिडकी ठेवून भागत नाही, तळालाही झरोका लागतो. हे शेवटचे मला फार मोलाचे वाटले, कारण दिंडीच्या ताडपत्रीखाली शेगड्या कशा पेटतात ते मी पाहिले आहे.

खरी अडचण कागदांची. लष्कराच्या गाडीच्या पाटीवर बाण असतो. ती सैन्यातून सुटली की आर.टी.ओ.कडे नव्याने नोंदवावी लागते. आमच्या पूर्व उपनगरांची नोंद वडाळ्याला, तुमची तुमच्या जिल्ह्याला. शिवाय कंपनीने जशी दिली तशीच गाडी राहावी, मनाने रूप पालटू नये, असा कायदा आहे आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. राहत्या गाडीचा वर्ग सरकारदरबारी वेगळा आहे, महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणही केले. पण ती वाट रीतसर बांधणाऱ्या कारखान्यांची. एका दिंडीने त्या फेऱ्यात पडू नये, असे माझे मत.

भाऊ हिरमुसला. मग मी त्याला विचारले, वारकरी गाडीत बसून जातात का? दिवसभर पायी चालतात, गाडीत फक्त सामान. अंथरुण लागते ते रात्री, गाडी उभी असताना. मग गाडीचे घर कशाला करायचे? घर सुटे करू. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्याला दोन मजली कॅनव्हासच्या खाटा, वर ताडपत्री. दिवसा घडी करून आपल्याच ट्रकमध्ये बांधून न्यायचा, रात्री ट्रकच्या हौद्यात उभा करायचा. आषाढी सरली की गोठ्याच्या माळ्यावर. चालत्या गाडीत मात्र त्यात माणूस बसवायचा नाही, हे आधीच ठरवून टाकले.

राहिला चढण्याचा प्रश्न. ट्रकचा हौदा छातीइतका उंच, तिथे म्हातारी बाई उचलून ठेवायची का? म्हणून मागच्या फळक्याला अडकणारी रुंद शिडी, पायऱ्या वीतभर अंतराच्या, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. गावचा सुतार ती करतो आहे. आईला फोनवर सगळे समजावले, तर तिने एकच विचारले, "चढताना लुगडं अडकायचं नाही ना?" दांड्यांची टोके गोल घासायला सांगितली आहेत.