सही करण्याआधी

येरवड्यातल्या आमच्या वस्तीत 'घर पाडायचं' एवढं म्हटलं तरी माणसं दार लावून घ्यायची. त्यात त्यांचं काय चुकलं? पाडलेली झोपडपट्टी त्याच जागी, त्याच माणसांसाठी उभी राहिलेली कुणी पाहिलीच नव्हती. लोकांनी पाहिलं होतं ते शहराबाहेर नेऊन टाकलेलं कुटुंब, आणि तिथून रोज दोन बस बदलून धुण्याभांड्याच्या कामाला येणारी बाई. अशा दारांवर आम्ही बायका संमतीपत्रं घेऊन उभ्या राहायचो.

योजना सरकारी होती. २००५ साली सुरू झालेल्या नेहरू नागरी अभियानात शहरी गरिबांच्या घरांसाठी पैसा होता. एका घराला तीन लाख रुपये, २७० चौरस फूट जागा, आणि त्यातला दहावा हिस्सा, म्हणजे तीस हजार, घरच्यांनी भरायचा. पक्की घरं तशीच ठेवायची, कच्ची तेवढी पाडून तिथेच बांधायची. गल्ल्या त्याच, शेजार तोच. हे काम महापालिकेने ज्या संस्थांना दिलं त्यांत स्पार्क होती, आणि तिच्यासोबत आम्ही, महिला मिलन. १९८६ साली भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांपासून ही संघटना सुरू झाली. पुण्यात आम्ही रोज घरोघरी फिरून बचत गोळा करायचो. कुणी पाच रुपये द्यायचं, कुणी दहा. कुणाचा नवरा पगार घरी आणतो, कुणाची पोर आजारी आहे, हे आम्हाला त्या फेरीतच कळायचं.

माझं ठाम मत आहे की संमती मिळाली ती या बचतीच्या ओळखीवर. सभेत माइकवरून कितीही समजावलं तरी लोक मान हलवतात आणि घरी जातात. खरा प्रश्न ते दुसऱ्या दिवशी उंबऱ्यात विचारतात, तोही आवाज खाली करून: "ताई, पाडल्यावर तुम्ही याल ना इथं?"

नकाशा दाखवून काही होत नव्हतं. कागदावरच्या रेघांत बायकांना आपलं घर सापडत नव्हतं. म्हणून भायखळ्याच्या बायकांनी केलं होतं तेच आम्ही केलं. लाकडाच्या चौकटीला कापड ताणून खऱ्या मापाचं घर मैदानात उभं केलं. मग बघा! एक जण आत जाऊन आडवीच झाली, पाय भिंतीला लागतात का पाहायला. दुसरीने ओट्याच्या जागेपाशी उभं राहून हात फिरवला आणि म्हणाली, इथं मोरी नको, पाहुण्यासमोर भांडी घासायची का? पोटमाळ्यावरून भांडण झालं. ते भांडण ऐकताना मला फार बरं वाटलं, कारण माणूस वाद घालतो तो ज्या घरात राहायचं ठरवलंय त्या घराबद्दल.

आर्किटेक्ट प्रसन्न देसाई आणि त्यांची मंडळी प्रत्येक झोपडीचं माप घेत होती. दोन मजली घराबरोबर खालचा भाग मोकळा ठेवलेलं, आणि मधला मजला मोकळा ठेवलेलं, असेही नमुने होते. खाली दुकान टाकता यावं, पुढे खोली वाढवता यावी म्हणून.

आमच्या गल्लीत सगळं अडलं ते कोपऱ्यावरच्या मामांपाशी. त्यांची खोली जेमतेम ऐंशी चौरस फूट. एवढ्याशा जागेत एकट्याचं घर उभं राहीना, शेजारच्या वहिनींबरोबर मिळून बांधायला हवं होतं. आणि त्या दोन घरांचं मधल्या भिंतीवरून वर्षानुवर्षं बोलणं बंद. त्यात झोपडीचा फोटोपास मामांच्या वारलेल्या भावाच्या नावावर. त्यांना भीती ही की सही केली तर पुतणे येऊन हक्क सांगतील. बाहेरच्या माणसाला हे कधीच कळलं नसतं. तो त्यांना आडमुठे म्हणून मोकळा झाला असता.

आम्ही आधी पुतण्यांकडे गेलो. त्यांच्याकडून लिहून घेतलं. मग गल्लीतल्या सगळ्यांना बसवलं आणि भिंतीचा विषय काढला. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, "मामांना गुडघ्याचा त्रास आहे, खालची खोली त्यांना द्या. आम्ही वर राहू." मामा काही बोलले नाहीत, पेन मागितलं.

त्यानंतरही अडचणी होत्याच. बांधकाम चालू असताना राहायचं कुठे, तर ज्याने त्याने जवळपास भाड्याने खोली बघायची. डिपॉझिटसाठी अनेकींनी बचतीतून कर्ज घेतलं. योजनेच्या पैशाचे हप्ते थांबले की काम थांबायचं, आणि विटांच्या ढिगाकडे बघत लोक आम्हालाच बोलायचे. आमच्या गल्लीतले भाडेकरू यादीत बसलेच नाहीत. वर्षानुवर्षं आमच्याबरोबर पाण्याच्या रांगेत उभी राहिलेली ती माणसं, त्यांच्यासाठी आम्हाला काही मिळवता आलं नाही. ते मला अजून पटलेलं नाही, आणि जिथे जिथे अशी योजना येते तिथे 'भाडेकरूंचं काय?' हा प्रश्न मी पहिला विचारते.

पहिली स्लॅब पडली तेव्हा मागच्या गल्लीतल्या बायका आपणहून आल्या. त्यांच्याबरोबर घरोघरी कोण फिरणार, असं मी विचारलं, तर वहिनींनी पिशवी उचलली.